कोरेगाव पार्क टू अँटिलोप

गुरू एकच, शिष्यही बरेचसे तेच. पत्ते मात्र दोन! पुण्यातल्या पत्त्यावरून रिक्षात बसलं की दहा-पंधरा मिनिटांत रेल्वे स्टेशन. अमेरिकेतल्या पत्त्यावरून सगळ्यात जवळचं गाव वीसेक मैलांवर, आणि त्या गावात माणसं चाळीस. शिकलीसवरलेली माणसं कल्टमध्ये अडकतात कशी, याचं बरंचसं उत्तर या दोन पत्त्यांमधल्या फरकात सापडतं.

पुण्यात नवा जॉब लागला की पहिल्या दोन-तीन वीकेण्डमध्ये कुणीतरी तुम्हाला ‘केपी’ला नेतंच. नॉर्थ मेन रोडवरची गर्दी, पार्किंग मिळेना म्हणून मारलेल्या तीन चकरा आणि कॉफीचं बिल बघून ‘एवढ्यात कोथरूडला चौघांचं जेवण झालं असतं’ हा ठरलेला डायलॉग. मग एखाद्या गल्लीत वळलं की एकदम थंडगार सावली. दोन्ही बाजूंना जुने वड, रस्त्यावर उतरलेल्या पारंब्या, बंगल्यांच्या उंच भिंती. पुण्यात इतकी शांतता एक तर इथे, नाहीतर दुपारी एक ते चार!

या शांततेतच तो आश्रम आहे. बोर्डावर आता ‘मेडिटेशन रिसॉर्ट’ असतं, पण रिक्षावाले काका अजून ‘आश्रम’च म्हणतात. काळे पिरॅमिड, बांबूची झाडी, मरून झग्यांमधली माणसं. आपल्या पिढीला त्याबद्दल जे माहीत असतं ते सगळं ऐकीव. रोल्स रॉइस, विनोद खन्ना आणि ‘आत काय काय चालायचं म्हणे’ हे काकालोकांचं चवीने सांगणं. २०१८ साली नेटफ्लिक्सवर ‘वाइल्ड वाइल्ड कंट्री’ आली तेव्हा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. निम्मी जनता मा आनंद शीलाच्या अॅटिट्यूडवर फिदा. सहा भाग संपल्यावर मला मात्र एकच प्रश्न छळत राहिला. डॉक्टर, वकील, इंजिनीअर अशी ही माणसं. एवढं सगळं होत असताना ती उठून निघून का नाही गेली?

म्हणून मी दोन्ही पत्ते बघायचं ठरवलं. पहिला आपल्या घरचाच.

सकाळी सहाचं ‘हू’

रजनीश मूळचे मध्य प्रदेशातले, जबलपूरला तत्त्वज्ञान शिकवणारे. १९७० साली मुंबईत आले, पेडर रोडवरच्या ‘वुडलँड्स’मध्ये राहायचे. २१ मार्च १९७४ पासून मुक्काम कोरेगाव पार्क. पुढच्या सात वर्षांत या वडांच्या गल्ल्यांत हजारो युरोपियन आणि अमेरिकन तरुण येऊन गेले. ‘गोरे हिप्पी’ म्हणून पुणेकरांनी त्यांना एका खणात टाकून दिलं, पण तो खण चुकीचा होता. नंतर ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञांनी कम्यूनमधल्या रहिवाशांचा सर्व्हे केला, तेव्हा निम्म्याहून जास्त लोक पदवीधर निघाले. करिअर केलेली, घर असलेली, बोलायला हुशार माणसं. फक्त त्यांच्यापैकी अनेकांचं आयुष्य कुठेतरी खिळखिळं झालेलं होतं. कुणाचा घटस्फोट झालेला, कुणाच्या घरी मृत्यू झालेला, कुणाला सगळं मिळूनही ‘आता पुढे काय?’ असा प्रश्न पडलेला. कमजोर माणसं वेगळी नसतात. प्रत्येकाच्या आयुष्यात एखादा कमजोर सीझन येतो आणि त्याच वेळी कुणी दार ठोठावलं तर ते उघडलं जातं.

आत आल्यावर काय मिळायचं? तर पहिल्याच दिवशी रिझल्ट! इथली फेमस ‘डायनॅमिक मेडिटेशन’ एक तासाची असते. पहिली दहा मिनिटं नाकाने जोरजोरात, बेताल श्वास. पुढची दहा मिनिटं ओरडा, रडा, हसा, काय वाटेल ते करा. मग दहा मिनिटं हात वर करून ‘हू हू’ करत उड्या. त्यानंतर पंधरा मिनिटं जिथल्या तिथे स्तब्ध आणि शेवटची पंधरा मिनिटं नाच. सकाळी सहाला, रिकाम्या पोटी. एवढा वेळ भराभरा श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, हातापायाला मुंग्या येतात. मनसोक्त रडून घेतल्यावर कुणालाही मोकळं वाटतं. यात फसवणूक काहीच नाही. अनुभव खराच असतो. गोम पुढे आहे : हा अनुभव तुमच्या श्वासाचा की समोर फोटोत असलेल्या माणसाच्या कृपेचा? दुसरं उत्तर एकदा पटलं की बाकीचं सोपं होत जातं.

त्या काळच्या संन्यासाच्या अटीही वरवर किरकोळ होत्या. भगव्या-केशरी छटांचे कपडे घालायचे, १०८ मण्यांची माळ घालायची, त्यात गुरूंच्या फोटोचं लॉकेट. आणि नवं नाव घ्यायचं, पुरुषाला ‘स्वामी’, बाईला ‘मा’. बस. घर सोडा, पैसे आणा, असं पहिल्या दिवशी कुणीच म्हणत नाही. पण नीट बघा. कपड्यांमुळे तुम्ही रस्त्यात वेगळे दिसता, नावामुळे आईच्या पत्रावरचा माणूस वेगळा होतो आणि लॉकेटमुळे छातीवर सतत कुणीतरी असतं. मग एखादा ग्रुप कर, मग महिनाभर राहा, मग इथेच काम कर. प्रत्येक ‘हो’ आधीच्या ‘हो’पेक्षा फक्त इंचभर मोठा. या इंचाइंचाने काही बायका नसबंदीच्या ऑपरेशनपर्यंत पोचल्या, कारण मूल म्हणजे साधनेतली अडचण असं तिथलं वातावरण होतं. पहिल्या दिवशी हे सुचवलं असतं तर त्या बायकांनी सँडल काढली असती.

‘एन्काउंटर ग्रुप्स’बद्दल तर बोलायलाच नको. गाद्या लावलेल्या बंद खोलीत ‘आतला राग बाहेर काढा’ म्हणून एकमेकांवर सोडलेली माणसं, मारामाऱ्या, मोडलेली हाडं. कॅलिफोर्नियातल्या एसालेन या संस्थेचे एक संस्थापक रिचर्ड प्राइस इथे आले होते. त्यांचा स्वतःचा धंदाच असले ग्रुप घेण्याचा, पण तेही इथल्या हिंसेवर आक्षेप घेऊन निघून गेले. शेवटी १९७९ च्या सुरुवातीला आश्रमाने ग्रुपमधली हिंसा बंद केल्याचं जाहीर केलं.

म्हणजे कोरेगाव पार्कचा तो काळ सोज्वळ होता असं अजिबात नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या, प्राइस निघून *गेले*. बरेच जण जायचे. आश्रमात सगळ्यांना जागा नव्हती, म्हणून खूप जण बाहेर भाड्याच्या खोल्यांत राहायचे. केळी घ्यायला बाहेर, दूध घ्यायला बाहेर, घरमालकाची कटकट ऐकायला बाहेर. रस्त्यात ‘काय हा अवतार’ म्हणणारे पुणेकर होतेच (टोमणा हीसुद्धा समाजसेवा असू शकते, हे पहिल्यांदाच पटलं). व्हिसा संपला की घरी जावंच लागायचं. बंद खोलीत डोकं कितीही फिरलं तरी फाटकाबाहेर एक अख्खं शहर आपापल्या कामात मग्न होतं.

१ जून १९८१ ला रजनीश अमेरिकेला गेले. त्या वेळी त्यांचं जाहीर मौन सुरू झालं होतं आणि कारभार शीलाच्या हातात होता. आपणही आता विमानात बसू.

द डॅल्समधलं सॅलड

ओरेगॉन म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांना आठवतं ते पोर्टलंडजवळचं हिल्सबरो आणि बीव्हर्टन. इंटेलमुळे तिथे मराठी मंडळी खूप. माझा मावसभाऊही त्यांच्यातलाच. वीकेण्डला दादाची गाडी मिळाली, ड्रायव्हर म्हणून दादाही मिळाला, फक्त त्याची एक अट होती. “अगं, लोक इथे धबधबे बघायला येतात. एक तरी बघूया.” मल्टनोमा फॉल्सपाशी फोटो काढून झाले आणि मग कोलंबिया नदीच्या काठाने सरळ पूर्वेला.

हा रस्ता म्हणजे जादू आहे. पोर्टलंड हिरवंगार, कायम पावसाळी. दीड तासात कॅस्केड डोंगररांग मागे पडते आणि पाऊस कुणीतरी स्विच ऑफ केल्यासारखा थांबतो. पुढे सगळं पिवळं, तपकिरी, उघडंबोडकं. मे महिन्यातल्या माणदेशात कुणीतरी चौपदरी हायवे टाकलाय, असंच वाटतं.

या सीमेवर ‘द डॅल्स’ नावाचं नदीकाठचं शहर आहे. चेरीच्या बागांसाठी प्रसिद्ध. २००६ साली गूगलने इथे मोठं डेटा सेंटर उभारलं. आम्ही जेवायला एका साध्याशा डायनरमध्ये शिरलो. मेनूत सॅलड होतं. ते मागवताना उगाचच दोन सेकंद थांबायला झालं, त्याचं कारण १९८४.

त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या छोट्या शहरातले ७५१ लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले. ४५ जणांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. सुरुवातीला संशय गेला तो हॉटेलातल्या कामगारांच्या स्वच्छतेवर. वर्षभराने पोलिस कम्यूनच्या लॅबमध्ये शिरले, तेव्हा तिथे त्याच साल्मोनेला जंतूंचा साठा सापडला. शीलाच्या टोळीतल्या लोकांनी शहरातल्या दहा हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये जंतू मिसळले होते. उद्देश काय, तर वॉस्को काउंटीच्या नोव्हेंबरमधल्या निवडणुकीत गावकऱ्यांना मतदानाला जाता येऊ नये! त्याआधी कम्यूनच्या पाहणीला आलेल्या काउंटीच्या दोन अधिकाऱ्यांना पाण्यातून जंतू पाजून प्रयोगही करून झाला होता.

हे करणारे कोण होते? जन्मजात गुंड नव्हेत. पुण्यात पहाटे ‘हू हू’ करणाऱ्यांतलीच माणसं होती ती. त्यातली एक तर नर्स होती.

परतीचं तिकीट

द डॅल्सहून १९७ नंबरचा हायवे दक्षिणेला जातो. पुढे शॅनिको नावाचं जवळजवळ ओस पडलेलं गाव लागतं. लोकरीच्या व्यापारावर वाढलेलं आणि व्यापार गेल्यावर तसंच राहिलेलं. तिथून आठेक मैल वळणावळणाचा उतार आणि मग अँटिलोप. त्याच्याही पुढे डोंगरांत उतरणारा रस्ता. दादा म्हणाला, “नेटवर्क गेलं बघ.” नंतरचा पाऊण तास गाडीत कुणी फारसं बोललं नाही. रस्त्याच्या एका बाजूला दरी, कुठे जुनिपरची खुजी झाडं, बाकी काही नाही. एकही घर नाही.

या रस्त्याच्या टोकाला बिग मडी रँच होतं. १९८१ साली ५७ लाख ५० हजार डॉलर मोजून कम्यूनने विकत घेतलेली ६४ हजार एकर जमीन, म्हणजे सुमारे २६० चौरस किलोमीटर. आसपासची गावं सामील होण्याआधीची पुणे महापालिका त्यात आरामात मावेल. इथे चार वर्षांत रजनीशपुरम उभं राहिलं. धरण, शेती, हॉटेल, मॉल, स्वतःच्या बस, स्वतःची धावपट्टी, स्वतःचे पोलिस. हे काम थक्क करणारं होतं, यात वाद नाही. आजही अनेक जुने संन्यासी ‘ती माझ्या आयुष्यातली बेस्ट वर्षं’ असं सांगतात आणि ते खोटं बोलत नसावेत.

पण उघड्या रानात बांधलेल्या या शहराला बाहेर जायचं दार कुठे होतं? मोजूया. काम दिवसाला बारा तास किंवा जास्त, आठवड्याचे सातही दिवस. पगार नाही. जेवण, कपडे, बिछाना कम्यूनचा. कामाला ‘काम’ म्हणायचं नाही, ‘वर्शिप’ म्हणायचं. आता पूजेचा ओव्हरटाइम कोण मागणार? शंका काढली की तुम्ही ‘निगेटिव्ह’. घरचे विकून आलेले पैसे संस्थेला दिलेले. पेपर कम्यूनचा, बस कम्यूनची, फोन चोरून ऐकले जाणारे. परदेशी शिष्यांना देशात ठेवण्यासाठी अमेरिकन शिष्यांशी खोटी लग्नं लावलेली, त्यामुळे बाहेर पडून तक्रार करायची तर आधी स्वतःचाच गुन्हा कबूल करायचा. दुपारी मात्र सगळे रस्त्याच्या कडेला रांगेत उभे राहायचे आणि ‘भगवान’ रोल्स रॉइसमधून सावकाश जायचे. अशा गाड्या शेवटी ९३ झाल्या.

त्यात भीतीची फोडणी. १९८३ च्या जुलैमध्ये पोर्टलंडच्या ‘हॉटेल रजनीश’मध्ये खरोखरच बॉम्ब फुटला. बाहेरच्या एका माणसाने ठेवलेला. झालं, मग बंदुका आल्या. १९८४ मध्ये एड्सने दोन तृतीयांश मानवजात मरणार असं रजनीशांनी सांगितलं, मग रबरी हातमोजे आले. बाहेर मृत्यू, आत आपण. रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने चीनमधल्या ‘विचारबदला’च्या छावण्यांतून सुटलेल्या लोकांशी बोलून १९६१ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात हेच नमुने आहेत. माणसाचा बाहेरच्या जगाशी संपर्क आटवा, त्याची भाषा बदला, शुद्ध-अशुद्धाची रेघ मारा. त्याने ओरेगॉनवर लिहिलं नव्हतं. तेव्हा ओरेगॉनचं प्रकरण घडलंच नव्हतं.

‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द मात्र मला फारसा पटत नाही. जणू कुणी बटण दाबलं आणि मेंदू धुतला गेला! लंडनच्या आयलीन बार्कर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ‘मूनी’ पंथाचा अभ्यास करून १९८४ साली पुस्तक लिहिलं. त्या पंथाच्या निवासी शिबिरांना गेलेल्यांपैकी जेमतेम दहातला एक पंथात आला. आलेल्यांतलेही बरेच दोन-चार वर्षांत बाहेर पडले. म्हणजे प्रवचनात कुठलाही असा मंत्र नाही, ज्यापुढे माणूस हतबल होतो. दार उघडं असेल तर दहातले नऊ जण घरी जातात. कल्टची खरी हुशारी पटवण्यात कमी आणि दार अदृश्य करण्यात जास्त असते.

(इथे तुमच्या डोक्यात ऑफिस आलं असणार. कंपनीची बस, कंपनीचं फूड कोर्ट, ‘वुई आर अ फॅमिली’, रात्री दहाचा कॉल. मलाही तेच आठवलं. पण महिन्याच्या शेवटी खात्यात जमा होणारा पगार आणि नोटीस पीरियड या दोन रटाळ गोष्टी किती मोलाच्या आहेत, हे या रस्त्यावर उमगतं.)

आणि ज्यांनी कधी ‘हो’ म्हटलंच नव्हतं त्यांचं काय? १९८४ च्या शरदात शीलाने देशभरातल्या शहरांतून बेघर माणसं बसमधून आणली. हजारोंनी. त्यात व्हिएतनाम युद्धातून परतलेले सैनिकही होते. योजनेचं नाव ‘शेअर अ होम’. जेवण मिळेल, बिछाना मिळेल, रोज बिअर मिळेल आणि नाही आवडलं तर परतीचं तिकीट मिळेल. फुटपाथवर झोपणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त कुणी कधी देऊ केलं होतं? पण ही माणसं हवी होती ती मतदार म्हणून. त्यांना शांत ठेवायला बिअरमध्ये हॅलडॉल हे मानसिक आजारांवरचं औषध मिसळलं जायचं, हेही नंतर उघड झालं. ओरेगॉनच्या अधिकाऱ्यांनी डाव ओळखला. नव्या मतदारांनी प्रत्यक्ष सुनावणीला यायलाच हवं असं ठरलं आणि सगळा प्लॅन फसला.

मग त्या माणसांना बसमधून नेऊन आसपासच्या शहरांत सोडून दिलं. हिवाळा तोंडावर होता. कबूल केलेलं परतीचं तिकीट नाही. पोर्टलंडमध्ये सॅल्व्हेशन आर्मीसारख्या संस्थांनी पदरचे पैसे घालून त्यांना घरी पाठवलं, म्हणजे जे काही ‘घर’ त्यांना होतं तिथे. मालिकेत सॅलडला मिळाला तेवढा वेळ या माणसांना मिळाला नाही. मला मात्र सगळ्या प्रकरणात हेच जास्त भयानक वाटतं. जंतू टाकताना त्यांच्या डोळ्यांसमोर शत्रू तरी होता. या माणसांना तर त्यांनी पाहुणे म्हणून आणलं होतं.

मुलांचं प्रकरण तर त्याहून उशिरा बाहेर आलं. कम्यूनमध्ये मुलं आई-बापांपासून वेगळी, मुलांच्या घरांत राहायची. टिम गेस्ट या इंग्लिश पत्रकाराने अशा बालपणावर २००४ साली आत्मकथन लिहिलं. २०२४ मध्ये ‘चिल्ड्रन ऑफ द कल्ट’ ही डॉक्युमेंटरी आली. तिच्यात रजनीशांच्या कम्यूनमध्ये वाढलेल्या बायकांनी लहानपणी आपलं लैंगिक शोषण झाल्याचं कॅमेऱ्यासमोर सांगितलं. तोवर चाळीस वर्षं उलटली होती. मोठ्यांनी निदान माळ स्वतःच्या हाताने घातली होती. मुलांना कुणी विचारलं होतं?

शेवट वेगाने झाला. १४ सप्टेंबर १९८५ ला शीला आणि तिची माणसं विमानाने युरोपला निघून गेली. दोनच दिवसांनी रजनीशांनी पत्रकारांना बोलावून सगळ्या गुन्ह्यांचं खापर तिच्यावर फोडलं. ऑक्टोबरच्या शेवटी तेही छोट्या जेटने निघाले आणि नॉर्थ कॅरोलिनात, शार्लट विमानतळावर पकडले गेले. इमिग्रेशनच्या दोन आरोपांवर तडजोड झाली, चार लाख डॉलर दंड भरला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी देश सोडला. शीलाला पश्चिम जर्मनीतून परत आणलं गेलं. विषप्रयोगासह बऱ्याच गुन्ह्यांसाठी वीस वर्षांची शिक्षा झाली आणि १९८८ च्या अखेरीस तिची सुटकाही झाली. वरच्या दोघांसाठी धावपट्टी होती. खाली राहिलेल्या, चार वर्षं बिनपगारी राबलेल्या माणसांना हळूहळू तोच वीस मैलांचा रस्ता धरावा लागला. तिशी-चाळिशीत, बँकेत शून्य, जुन्या नावाची सवय गेलेली.

रजनीश १९८७ च्या जानेवारीत पुन्हा कोरेगाव पार्कला आले. नाव बदलून ‘ओशो’ झाले आणि १९ जानेवारी १९९० ला तिथेच वारले. आश्रम चालू राहिला, बदलला, रिसॉर्ट झाला.

आपल्याकडे यावर कायदा नाही का? आहे, थोडासा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यातच, ओंकारेश्वरजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा अखेर आला. त्याच्या अनुसूचीत बारा कृत्यं दिली आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा दावा करून फसवणूक वगैरे. कायदा चांगलाच आहे. पण ज्या गुरूने चमत्काराचा दावाच केला नाही आणि ज्या शिष्याने दर पायरीवर हसत ‘हो’ म्हटलं, तिथे पोलिसांनी नेमकं कुठलं कलम लावायचं?

अँटिलोपचा झेंडा

रँचच्या हद्दीशी आम्ही गाडी वळवली. तिथे आता ‘यंग लाइफ’ या ख्रिस्ती संस्थेचा तरुणांसाठी कॅम्प चालतो. उन्हाळ्यात शाळकरी मुलामुलींच्या बस येतात. (दादा हसला. “जागेलाच सवय लागली असेल.” जोक म्हणून ठीक, पण सुट्टीचा कॅम्प आणि कल्ट यात फरक आहेच : आठवड्याने बस परत जाते.)

परतताना अँटिलोपमध्ये थांबलो. पाच मिनिटांत गाव चालून संपतं. चाळिसेक माणसं, बहुतेक वयस्कर. १९८२ पासून संन्यासी इथे घरं घेऊन राहायला आले, मतदानाच्या जोरावर नगर परिषद ताब्यात घेतली आणि १९८४ मध्ये गावाचं नाव बदलून ‘रजनीश’ केलं. निवृत्तीचे दिवस काढायला आलेल्या आजी-आजोबांच्या पत्त्यावर रातोरात दुसऱ्याच माणसाचं नाव! कल्टचे बळी म्हटलं की आपण आतल्यांचाच विचार करतो. १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा मतदान झालं आणि जुनं नाव परत आलं.

पोस्ट ऑफिसपाशी झेंड्याचा खांब आहे, खाली धातूची पाटी. १९८१ ते १९८५ या काळात गावात टिकून राहिलेल्या आणि विरोध करणाऱ्या लोकांच्या नावे ती लावलीय. त्या चार वर्षांसाठी पाटीवर शब्द वापरलेत ते आक्रमण आणि कब्जा या अर्थाचे. रस्त्यावरून एक पिकअप गेला. चालवणाऱ्या आजोबांनी आमच्या भारतीय चेहऱ्यांकडे जरा निरखून पाहिलं, मग स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून हाय केलं. आम्हीही केलं.

जायचंच असेल तर

पोर्टलंडहून द डॅल्समार्गे अँटिलोप साधारण अडीचशे किलोमीटर, कारने तीन तास. सार्वजनिक बसच्या भानगडीत पडू नका. पेट्रोल द डॅल्सलाच फुल करा आणि नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. पाणी, खाणं बरोबर घ्या. हिवाळ्यात बर्फ असतो, एप्रिल-मे किंवा सप्टेंबर बरा. रँच खासगी आहे, आत जायचा आग्रह धरू नका. गावात फोटो काढताना लोकांच्या घरांवर कॅमेरा रोखू नका, गेल्या काही वर्षांत त्यांच्याकडे मालिका बघून येणारे खूप झालेत.

कोरेगाव पार्कसाठी वेगळं काय सांगायचं! पुणे स्टेशनहून रिक्षा. मीटरने यायला तयार झाला तर तुमचं नशीब.